पांढऱ्या हत्तीचा आळ

सुरतेच्या बमरोलीत जुन्या गाडीचा विषय निघाला की निकाल आधी लागतो, गाडी नंतर बघितली जाते. कोणी स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी विकायला काढली, म्हणजे ऑक्टाव्हियाचंच मागे छत लांबवलेलं स्टेशन वॅगन रूप, तर लूमच्या खात्यापासून चहाच्या लारीपर्यंत एकच सल्ला मिळतो : ‘भाऊ, पांढरा हत्ती आहे, दारात बांधू नका.’ त्याच्या पुरवण्याही ठरलेल्या. युरोपियन गाडी सारखी बिघडते. पार्ट मिळत नाहीत. मिस्त्री हात लावत नाही. वॅगनला गिऱ्हाईक नाही. घ्यायचीच असेल तर इनोव्हा घ्या, डोळे झाकून.

जुनी गाडी डोळे झाकून घ्यायची नसते, मग तिच्यावर कुठलाही बिल्ला असो. तशी ती डोळे झाकून नाकारायचीही नसते. हत्तीचा हा आळ नीट तपासला तर त्यातला थोडा भाग खरा निघतो, बराचसा ऐकीव निघतो, आणि उरलेल्याचं खापर गाडीपेक्षा आपल्या खरेदीच्या सवयीवर फुटायला हवं.

ही गाडी हवीशी वाटणं हा नुसता शौक आहे, असंही कोणी समजू नये. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातली मराठी कुटुंबं बहुतेक खानदेशातली. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जाणं त्यांना सुटत नाही. आखाजी असते, लग्नं असतात, दहावं-तेरावं असतं. जाताना साड्यांचे गठ्ठे, येताना दादर ज्वारीची पोती, बिबड्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, आणि यात पाच माणसं. कॉम्बीच्या डिकीत 548 लिटर सामान मावतं. मागची सीट पाडली तर 1512 लिटर. डिकीचा उंबरा खाली असल्यामुळे पोतं छातीपर्यंत उचलावं लागत नाही. सामान छपरावर चढत नाही, त्यामुळे घाटातल्या वळणावर गाडी डोलतही नाही. ज्याला हे सगळं लागतं त्याला ‘छोटी गाडी घ्या’ म्हणणं म्हणजे त्याचा प्रश्नच ऐकून न घेणं.

आता आरोपाकडे वळू. ‘बिघडते’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. गाडी किती वेळा अडते, ही पहिली. अडली की खिशाला किती चाट बसते, ही दुसरी. आणि दुरुस्त करणारा जाणता माणूस जवळ आहे का, ही तिसरी. पहिली तक्रार गाडीची आहे, दुसरी बाजाराची, तिसरी गावाची. ऑक्टाव्हियाच्या बाबतीत दुसरी आणि तिसरी बऱ्याच अंशी खरी आहे. पहिली मात्र त्या दोघींच्या आड लपून जिंकत आली आहे. महागड्या दुरुस्तीची आठवण लांब टिकते, म्हणून गाडी सारखी बिघडत होती असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ती एकदाच अडलेली असते आणि तेवढ्यात चार मिस्त्र्यांनी तिच्यावर प्रयोग केलेले असतात.

या गाडीचं 1.9 लिटर टीडीआय डिझेल इंजिन हे जगात सर्वांत जास्त घासून वापरल्या गेलेल्या इंजिनांपैकी एक. भारतात 90 अश्वशक्तीचं जे रूप आलं त्यात डिझेल पुरवायला फिरता पंप आहे, पुढच्या पिढ्यांतली गुंतागुंत नाही. युरोपात टॅक्सीवाल्यांनी या इंजिनांवर लाखो किलोमीटर काढले. मग आपल्याकडे ते बदनाम कसं झालं? त्याचे दोष एकेक करून पाहिले की उत्तर सापडतं.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा दोष टायमिंग बेल्टचा. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनच्या वरच्या आणि खालच्या फिरत्या भागांचा ताल सांभाळतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनचं डोकं उतरवावं लागतं. म्हणून तो ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा असतो. आपल्याकडे किलोमीटर मोजले जातात, वर्षं विसरली जातात. ‘साहेब, गाडी फार चाललेलीच नाही’ हे विकणाऱ्याचं लाडकं वाक्य. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. त्यात पैसे वाचवायला नुसता पट्टा बदलतात, ताण देणारी पुली आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप जुनाच ठेवतात. त्या काळच्या काही पंपांतली पाती प्लॅस्टिकची होती. ती तडकली की पंप फिरताना दिसतो, पाणी मात्र ढकलत नाही. इंजिन तापतं. यात गाडीचा दोष पंपाच्या पात्याएवढा. बाकीचा दोष अर्धवट कामाचा.

दुसरा दोष कूलंटचा. या गाडीत गुलाबी रंगाचं ठरावीक कूलंट लागतं. पातळी कमी दिसली की कोणीतरी हिरवं ओततो, कोणीतरी बोअरचं खारं पाणी ओततो. दोन जातींची कूलंट एकत्र आली की तपकिरी गाळ धरतो आणि हीटरच्या बारीक नळ्यांपासून रेडिएटरपर्यंत बसतो. त्यात रेडिएटरच्या पंख्याच्या कमी वेगाचा रेझिस्टर जळणं ही या घराण्याची जुनी खोड. मग पंखा फक्त मोठ्या वेगावर, तोही उशिरा, सुरू होतो. उधना दरवाज्याच्या सिग्नलला मे महिन्यात एसी कोमट हवा देऊ लागतो आणि काटा वर सरकतो. भाग छोटा, लक्षण मोठं. ‘गाडी तापते, स्कोडा आहे ना!’ एवढ्यावर निदान संपतं.

तिसरी तक्रार ‘गाडी ओढत नाही’ अशी. इथे गैरसमजाचा सर्वांत मोठा बाजार भरतो. टर्बोला हुकूम देणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या वर्षांनुवर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून तडकतात. हवा किती आत येते ते मोजणारा सेन्सर धुळीने मंद होतो. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमधल्या बॉयलरची काजळी आणि लूमची तुसं ज्या हवेत आहेत तिथे एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीपर्यंत टिकेल, ही अपेक्षाच चुकीची. आत जाणारी हवा कमी झाली की गाडीचा संगणक इंजिनला जपण्यासाठी ताकद कापतो. मिस्त्री बोनेट उघडतो, कान लावतो आणि जाहीर करतो : टर्बो गेला. ज्या दोषाला हातभर नळी पुरली असती त्याला आख्खा टर्बो बसवला जातो आणि नळी तशीच तडकलेली राहते. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा ओढत नाही. मग मालक शपथेवर सांगतो की नवा टर्बो टाकला तरी स्कोडा सुधारली नाही.

चौथी कथा आणखी गमतीची. भर उन्हात गाडी बंद करून दुकानात गेलात, परत आलात तर सुरूच होत नाही. संध्याकाळी थंड झाल्यावर पहिल्या चावीला सुरू. भुताटकी नाही. डॅशबोर्डखाली रिले बसवलेल्या पट्टीत 109 आकडा छापलेला एक छोटा रिले असतो. त्याच्या आतल्या डाखाला वयानुसार भेग पडते आणि उष्णतेने ती रुंदावते. जाणता माणूस तो मिनिटात बदलतो. अजाण माणूस डिझेल पंप उतरवतो.

यादी अजून वाढवता येईल : दाराची काच पेलणारी प्लॅस्टिकची चिमटी तुटून काच आत पडणं, दाराच्या कुलपातला बारीक स्विच निकामी होऊन गाडीला दार उघडं आहे असं वाटत राहणं, पुढच्या सस्पेन्शनची बुशं खड्ड्यांनी सैल होऊन खडखडणं. हे सगळं खरं आहे, त्रासदायकही आहे. पण यातलं एकही कोडं नाही. विशीला आलेल्या कुठल्याही यंत्राला जे होतं तेच हे, आणि कुठे काय होतं हे जगभरच्या मिस्त्र्यांना पाठ आहे. ज्या गाडीचे दोष इतके नीट माहीत आहेत, तिला बेभरवशाची म्हणणं चूक आहे. बेभरवशाची ती, जिला काय होईल ते सांगता येत नाही.

वॅगन असण्याचे दोषही पाहून घ्या, कारण तिथेच खरेदीदार फसतो. मागचं दार उघडून वर, जिथे ते छताला बिजागरीने जोडलेलं आहे तिथे, एक रबरी वेटोळी नळी दिसते. तिच्यातून वायरी दारात उतरतात. दार उघडतं-मिटतं तशा त्या दर वेळी वाकतात आणि शेवटी आतल्या आत तुटतात. नंबरप्लेटचा दिवा लागत नाही, मागचा वायपर मध्येच थांबतो, डिकीचं कुलूप लहर लागेल तसं चालतं. ती नळी हलकेच बाजूला सरकवून बघा. काळ्या चिकटपट्टीचे थर दिसले तर आधीच्या मालकाने जोडकाम केलंय. ते नीट केलंय की नुसतं गुंडाळलंय, ते वायर हलवून कळतं. मग दार अर्धं उघडून सोडा. गॅसचे दांडे दमलेले असतील तर ते तुमच्या डोक्यावर येईल. शेवटी डिकीचा गालिचा पूर्ण उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

त्या खड्ड्याचं महत्त्व सुरतेत तरी समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 26 जुलै 2005 ला, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. या गाड्या नव्या होत्या तो नेमका हाच काळ. दोन्ही शहरांत पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, गालिचे बदलून पुन्हा बाजारात आल्या. त्यांच्या वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज धरत गेला आणि तो काही वर्षांनी बोलला. आजही खाडीचं पाणी दर पावसाळ्यात लिंबायतसारख्या भागात शिरतं, म्हणजे हा धोका इतिहासजमा झालेला नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की स्टेपनीच्या खड्ड्यातलं सगळंच पाणी पुराचं नसतं. मागच्या दिव्यांची किंवा छतावरच्या पट्ट्यांची रबरं म्हातारी झाली तरी पाणी तिथे साचतं, आणि दाराच्या आतल्या पत्र्याचं सील सुटलं तर पुढचा गालिचा भिजतो. स्वच्छ पाण्याची ओल म्हणजे सील. मातीचा बारीक थर आणि सीटच्या रुळांवर गंज म्हणजे पूर. पहिल्या गाडीचा भाव पाडा. दुसरीपासून पळ काढा. पण पुरात बुडालेली ऑक्टाव्हिया जर दहा वर्षांनी रुसली, तर तो निकाल ऑक्टाव्हियाविरुद्ध कसा? बुडवलेली इनोव्हाही रुसतेच.

आता ‘स्कोडा म्हणजे स्कोडा’ या सरसकटपणाबद्दल. 2001 मध्ये कंपनी भारतात आली आणि औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत त्याच बिल्ल्याखाली एकमेकींशी फारसा संबंध नसलेली यंत्रं विकली गेली. पुढे आलेल्या लॉराच्या 1.9 डिझेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र उच्च दाबाचं इंजेक्टर युनिट होतं. ते कॅमशाफ्टवर प्रचंड जोर टाकतं, म्हणून त्याला ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं. ट्रकचं ऑइल ओतून पैसे वाचवलेल्या गाड्यांचे कॅम झिजले. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या ऑटोमॅटिक डीएसजीला दर 60 हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो. ते न बदलणारे नंतर गिअरबॉक्सला शिव्या देतात. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची कथा मात्र वेगळी, आणि तिथे टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. त्या गिअरबॉक्सच्या दोषामुळे 2013 मध्ये एकट्या चीनमध्ये 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. गर्दीत सारखी थांबत-सरकत चालवायची गाडी असेल तर जुनी, वॉरंटी संपलेली, असल्या गिअरबॉक्सची गाडी मी कोणालाच सुचवणार नाही. पण तिचा गुन्हा हाताने गिअर टाकायच्या, साध्या पंपाच्या कॉम्बीच्या माथी का मारायचा? आडनाव एक म्हणून चुलतभावाचं कर्ज फेडायला लावण्यातला हा प्रकार.

पार्ट मिळत नाहीत, हेही अर्धसत्य. ऑक्टाव्हियाचा सांगाडा तिचा एकटीचा नाही. चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ, पहिली ऑडी टीटी ही तिची सख्खी भावंडं, त्यामुळे यांत्रिक भाग जगभर बनत राहिले. दिल्लीचं कश्मिरी गेट आणि मुंबईचं कुर्ला इथे मागवले की ते कुरिअरने उधन्याला येतात. अडचण येते ती वॅगनपुरत्या भागांची : मागची काच, मागचे दिवे, मागच्या दाराचा पत्रा, डिकीचं सरकतं झाकण. हे खरोखर दुर्मीळ. म्हणून कॉम्बी बघताना इंजिनच्या आधी शेपटी बघावी. मागून ठोकर लागलेली कॉम्बी फुकट मिळाली तरी महाग. बाजार नेमकं उलटं करतो : बोनेट उघडून तासभर उभा राहतो आणि मागे फिरकतही नाही.

‘वॅगनला गिऱ्हाईक नाही’ हा आरोप जणू यांत्रिक दोष असल्यासारखा मांडला जातो. टाटांनी 1992 मध्ये इस्टेट आणली, 2004 मध्ये इंडिगो मरिना आणली. मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, सगळ्यांनी नशीब अजमावलं. त्या खपल्या नाहीत म्हणून त्या वाईट, हे तर्कशास्त्र सोयीचं आहे. पण 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनच्या मोटारींचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. तेव्हापासून देशात गाडीची शेपटी छाटण्याची शर्यत लागली. 2008 मध्ये इंडिगोचीच चार मीटरच्या आत बसवलेली सीएस आली. जिचा सगळा उपयोगच लांब शेपटीत, त्या वॅगनला त्या हिशेबात जागा नव्हती. सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींना 18 टक्के जीएसटी आणि मोठ्यांना 40 टक्के, म्हणजे फूटपट्टी अजून तीच. लोकांनी वॅगन नाकारली त्याच्या आधी कराने तिला कोपऱ्यात ढकललं होतं. आणि विकताना भाव येत नाही, हे तर जुनी घेणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं. घसारा पहिल्या मालकाने भोगून झालेला असतो.

आता या ‘सर्वज्ञात’ सल्ल्याचा खरा तोटा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. म्हणणं सोपं आहे. चांगली गाडी कुठली आणि वाईट कुठली हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो दोघींना मधलाच भाव देतो. त्या भावात वाईट गाडीचा मालक खुशीने विकतो आणि चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मीच वापरतो. हळूहळू बाजारात वाईटच गाड्या उरतात, भाव आणखी पडतो, उरलेल्या चांगल्याही निघून जातात. बमरोलीतल्या हत्तीच्या गोष्टीला हे तंतोतंत लागू आहे. सगळ्या स्कोडा वाईट असं गृहीत धरलं की ज्याने दर वर्षी ऑइल बदललं, बेल्टची पावती जपून ठेवली, त्याला त्या पावतीचा छदामही मिळत नाही. मग पुढचा मालक पावत्या कशाला जपेल? तो बेल्ट कशाला बदलेल? अफवेने गाडीची किंमत पाडली, पडलेल्या किमतीने देखभाल मारली, आणि मेलेल्या देखभालीने अफवा खरी करून दाखवली. पांढरा हत्ती शेंद्र्यात तयार झाला नाही. तो आपण पोसला.

या अफवेचा सर्वांत मोठा लाभार्थी दलाल. गाडी वाईटच असते हे सर्वांनाच मान्य असेल, तर ही विशिष्ट गाडी कशी आहे हे कोणी विचारत नाही. तो म्हणतो ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, एकदम मख्खन’, भाव निम्म्यावर आणतो, आणि घेणारा स्वस्त मिळाली म्हणून खूश. दिल्लीतून आलेल्या डिझेल गाड्यांचंही असंच. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी केल्यावर तिथल्या धडधाकट गाड्याही मातीमोल भावात बाहेर निघाल्या. त्या स्वस्त होत्या त्या कायद्यामुळे. पण आपल्याकडे स्वस्ताईचा एकच अर्थ माहीत, म्हणून चांगली आणि भंगार यांना एकाच रांगेत उभं केलं गेलं.

इनोव्हाबद्दल माझं वैर नाही. मजबूत सांगाडा, सर्वत्र ओळखीचं इंजिन, तालुक्यागणिक मिस्त्री : तिचा लौकिक कमावलेला आहे. पण त्या लौकिकाची किंमत जुन्या गाडीतही पुरेपूर वसूल केली जाते. शिवाय जुन्या बाजारातल्या अनेक इनोव्हांनी टूर-ट्रॅव्हल्सची चाकरी केलेली असते आणि मीटर उलटवणं हा काही अवघड उद्योग नाही. नुसत्या बिल्ल्याच्या विश्वासावर उलटवलेल्या मीटरची गाडी घेणारा आणि अफवेवर विसंबून चांगली वॅगन सोडणारा, दोघेही एकच चूक करतात : गाडीऐवजी तिचं नाव बघतात. दोन गाड्यांच्या भावात जो फरक पडतो तो बाजूला काढून ठेवला, तर कॉम्बीचा बेल्ट, पंप, बुशं, नळ्या, टायर असं सगळं एकदाच नीट करून घेता येतं. फरक तेवढा निघत नसेल तर व्यवहार करू नये. पण तो हिशेब कागदावर मांडून ठरवावं.

हत्ती म्हणणाऱ्यांइतकाच मी दुसऱ्या टोकाच्या उत्साहींनाही विरोध करतो. ‘छोट्या गाडीच्या पैशांत साहेबी गाडी’ असं म्हणून जो शेवटची पुंजी घालतो, त्याला ही गाडी खरोखर रडवेल. किंमत पडली तरी दुरुस्तीचे दर साहेबीच राहतात. एबीएसचं युनिट, एसीचा कॉम्प्रेसर, डिझेल पंप यांतलं काही गेलं की पडलेल्या किमतीचा मोठा लचका जातो. रोजचा धंदाच त्या एका गाडीवर चालतो आणि दारात दुसरं वाहन नाही, त्याने विशीतली कुठलीच परदेशी गाडी घेऊ नये. ज्याच्या आसपास संगणक जोडून दोष वाचणारा, अंदाजाने पार्ट न बदलणारा मिस्त्री नाही, त्यानेही नाही. आणि कायद्याचं वय विसरू नका. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. 1 एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क 600 वरून 5000 रुपये झालं, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते पुढे आणखी वाढलं.

राहिले कागद. बमरोलीत एमएच-18, 19, 39 पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरताना दिसतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावीच लागते, त्यासाठी फॉर्म 28 चं ना-हरकत पत्र. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायला 35. हे कंटाळवाणं वाटतं, पण 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी किती हातांतून गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन जातं. नाव बदललं नाही तर विकणाऱ्याचं घर जाऊ शकतं. आणि जो मालक नावाचा कागद नीट ठेवत नाही, तो बेल्टची पावती ठेवत असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘स्कोडा घेऊ नका’ म्हटलं, तर त्याला उलट विचारा : कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, बेल्ट कधी बदलला, कूलंटचा रंग कोणता, स्टेपनीच्या खड्ड्यात काय सापडलं? उत्तरं मिळाली आणि ती वाईट निघाली, तर त्याचा सल्ला शिरसावंद्य माना. उत्तरंच नसतील तर त्याने गाडीबद्दल काही सांगितलेलंच नाही. आणि विकणाऱ्याकडेही हीच उत्तरं मागा. जो पावत्यांची फाइल पुढे ठेवेल त्याला बाजारभावापेक्षा चार पैसे जास्त द्या, घासाघीस करू नका. चांगल्या गाड्या बाजारात याव्यात असं वाटत असेल तर चांगल्या मालकाला किंमत द्यावीच लागेल. ती द्यायची तयारी नसेल, तर पांढऱ्या हत्तीची तक्रार करायचा हक्कही आपल्याला उरत नाही.